किंगपिनची साक्ष : पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन इतिहासाचं साधन म्हणून

भारतीय मोटार उद्योगावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, एक वाक्य हमखास भेटतं: लायसन्स राजमध्ये तंत्रज्ञान गोठलं, आणि त्याचा पुरावा म्हणजे अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी. वाक्य खोटं नाही. पण ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पद्मिनी खालून पाहिली असेल, याची मला शंका आहे. आज आपण तिच्या पुढच्या चाकांपाशी थांबू. पेटची मुलाखत देणाऱ्यांना किंवा प्रस्ताव लिहायला बसलेल्यांना यातून एक वेगळं साधन सापडेल.

आधी थोडी वंशावळ. फियाटने १९३७ साली आणलेल्या ११०० सीसीच्या गाडीला दुबोने पद्धतीचं पुढचं सस्पेन्शन होतं, म्हणजे स्प्रिंग तेलाने भरलेल्या बंद डब्यात. कल्पना हुशार, पण रस्त्याकडेला दुरुस्त करण्यासारखी नाही. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी ११०० आली तेव्हा तो डबा गेला होता. त्याच्या जागी प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि दोन्ही बाजू जोडणारा अँटी-रोल बार. वालचंद हिराचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात हीच मांडणी बनवली. पुढे हीच गाडी डिलाइट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. कुर्ल्याची गाडी त्यानंतरही जवळजवळ तीन दशकं बनत राहिली. 'गोठलेलं तंत्रज्ञान' म्हणतात ते हे.

आता गाडी उघडू. क्षेत्रकार्यात मी हे काम एका गॅरेजमध्ये पायरीपायरीने पाहिलं आणि नोंदवलं.

मिस्त्री पाना हातात घेण्याआधी चाक तपासतो. गाडी जॅकवर घेऊन चाक वरून-खालून धरायचं आणि हलवायचं. खडखड झाली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. खडखड थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. मला विचाराल तर हे साधनचिकित्सेचं उत्तम उदाहरण आहे: एक शक्यता मुद्दाम बंद करायची आणि काय उरतं ते पाहायचं.

मग गाडी स्टँडवर, चाक बाहेर, ब्रेकचा होज सुटा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बाहेर. खरी जोखीम स्प्रिंगची. ती दाबून बसवलेली असते. आर्मचे बोल्ट नुसते सोडले तर ती उसळते आणि समोर माणूस असेल तर त्याचं काही खरं नाही. म्हणून तिला आवळून धरून ताण हळूहळू उतरवावा लागतो. गॅरेजमधला सगळा गप्पांचा आवाज या पाच-दहा मिनिटांत बंद होतो.

त्यानंतर किंगपिन. चाक डावी-उजवीकडे वळतं ते या जाड पोलादी खिळीभोवती. खिळीला वर आणि खाली एकेक बुश. आधी अडकण काढायची, मग खिळी ठोकून किंवा प्रेसवर बाहेर. नवे बुश बसवले की त्यांचं भोक किंचित लहान भरतं. लांब रीमर दोन्ही बुशांतून एका सरळ रेषेत फिरवून ते खिळीच्या मापाचं करायचं. किती? हाताला 'गच्च, पण अडत नाही' असं वाटेपर्यंत. हे माप कंपनीच्या पुस्तकात आकड्यात असतं, मिस्त्रीच्या मनगटात वेगळ्या रूपात असतं. डग्लस हार्परने १९८७ च्या 'वर्किंग नॉलेज' या पुस्तकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका साब मेकॅनिकबरोबर राहून नेमकं हेच ज्ञान टिपलंय. जरूर वाचा, फोटोंसाठी तरी.

जुनी खिळी हातात घेतली की वाचन सुरू होतं. झीज बुशांच्या जागी, मधला भाग जवळजवळ कोरा. झीज एकाच बाजूला जास्त असेल तर भार कुठून येत होता ते कळतं. ग्रीस निपल रंगाने किंवा चिखलाने बुजलेला असेल तर कित्येक दिवस ग्रीसगन लागलेली नाही. बुशाची बाहेरची जाडी मूळ मापापेक्षा जास्त असेल आणि त्यावर लेथच्या रेघा दिसत असतील, तर घर झिजलं तेव्हा कुणीतरी नवं घर न घेता जाड बुश कातून बसवलाय. मोडी कागदावर दुसऱ्या हाताची दुरुस्ती दिसली की आपण थांबतो ना, तसंच इथे थांबायचं.

आणि इथे ते पाठ्यपुस्तकी वाक्य अपुरं पडतं. नंतरच्या गाड्यांत किंगपिनची जागा बॉल जॉइंटने घेतली. त्याला निगा कमी लागते, पण झिजला की सहसा अख्खा बदलायचा. किंगपिनला मात्र सतत ग्रीस हवं, मुंबईच्या पावसात तर हवंच. पण एक लेथ आणि एक रीमर असला की तो पुन्हा उभा राहतो. टॅक्सीवाल्याच्या हिशोबात हा फरक मोठा. सावध राहा मात्र: 'टॅक्सीवाल्यांनी किंगपिन निवडला' असं लिहू नका. गाडी टिकली ती परवाने आणि आयातबंदीमुळे. ती टिकल्यावर तिच्याभोवती दुरुस्तीची जी दुनिया उभी राहिली, ती मात्र कुठल्याच धोरणाने आखली नव्हती. डेव्हिड एजर्टन 'द शॉक ऑफ द ओल्ड'मध्ये शोधांऐवजी वापराचा इतिहास मागतो, तो असा. टॅरिफ कमिशनचे अहवाल पहिली गोष्ट सांगतील. दुसरीसाठी गाडीखाली शिरावं लागेल.

अडचण अशी की दुरुस्ती हाच पुरावा पुसते. उत्खननात जसा थर एकदाच उघडतो, तसं हे. जुन्या गाड्यांचे हौशी मालक गाडी 'कारखान्यातून आली तशी' करायला निघतात. त्यांची हौस मला समजते, त्यांच्यामुळेच निदान काही गाड्या उरल्यात. पण कारखान्यातून आली तशी गाडी म्हणजे पुढची चाळीस वर्षं वजा केलेली गाडी. त्यात टॅक्सींचा प्रश्न वेगळाच: वीस वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. सर्वांत जास्त दुरुस्त झालेल्या, म्हणजे माझ्या दृष्टीने सर्वांत जास्त लिहिलेल्या गाड्या याच.

तेव्हा कुणी सस्पेन्शन उघडत असेल आणि तुम्हाला उभं राहू देत असेल, तर रॉकेल लावण्याआधी फोटो घ्या. डावं-उजवं लिहून ठेवा. आर्मखालच्या शिम किती आणि कुठल्या क्रमाने होत्या, तेही. त्यांच्यावर चाकाचा कल ठरतो, आणि शिमच्या जागी साधे वॉशर दिसले तर ती स्वतंत्र नोंद आहे. रबरी बुश असतील तिथे मिस्त्री शेवटचा आवळा गाडी जमिनीवर उतरवल्यावर देतो का, ते पाहा. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तो असं का करतो हे त्याच्याच शब्दांत टिपा, तुमच्या नाही. आणि जुने बुश भंगारात जाण्याआधी मागून घ्या. बहुतेक जण हसतात आणि देतात.