लोकर आटणे (जुन्नर-आंबेगाव परिसर)

लोकर आटणे : धुतल्यावर लोकरीचे वस्त्र लांबी-रुंदीने कमी होऊन जाड, घट्ट आणि राठ होणे. बोलण्यात स्वेटर ‘आटला’, ‘आखडला’, ‘गोळा झाला’ हे शब्द एकाच अर्थाने येतात. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र प्रकार दोन आहेत. विणताना ताणून धरलेला धागा भिजल्यावर सैल पडून मूळ लांबीवर येतो, ते आखडणे. तंतू एकमेकांत अडकून कापडाचा नमदा बनतो, ते आटणे. आखडलेले बरेचसे सोडवता येते. आटलेले थोडेफारच परत मिळते, आणि पुरता नमदा झाला असेल तर मिळत नाही.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत लोकरीचे काम दोन टोकांना पडते. पश्चिमेला नाणेघाट ते भीमाशंकर या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पाऊस मुसळधार. तिथे घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन भातलावणी करण्याची जुनी रीत होती. आता खोळीची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. पूर्वेला बेल्हे आणि आणे पठाराच्या बाजूला पाऊस कमी, मोकळे रान जास्त. ऊस आणि बिबट्या यांच्या मुलखात वाड्याशेजारी रात्र काढणाऱ्या मेंढपाळाचे अंथरूण-पांघरूण म्हणजे घोंगडीच.

आटण्याचे कारण तंतूच्या रचनेत आहे. लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे असतात. रानातून फिरताना धोतरात शिरलेले कुसळ पुढेच सरकते, मागे येत नाही. लोकरीचा तंतूही घासला गेला की मुळाच्या दिशेनेच सरकतो. पाणी, उष्णता, साबण आणि चोळणे ही चौकडी जमली की प्रत्येक तंतू शेजाऱ्यात घुसत जातो. धुण्याच्या सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ असेल तर हे आणखी वेगाने होते. नुसत्या कोमट पाण्यात निवांत भिजत ठेवलेला स्वेटर फारसा आटत नाही. खरा गुन्हेगार म्हणजे हिसके देणारे वॉशिंग मशीन, नाहीतर नदीकाठचा धुण्याचा दगड.

हाच दोष घोंगडीत गुण ठरतो. धनगर आणि सनगर समाजांनी जपलेल्या या विणकामात दख्खनी मेंढीची काळी-करडी, जाडीभरडी लोकर वापरतात. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉन जाडीचा असतो. दख्खनी त्याहून बराच जाड, आणि त्यात केसासारखे ताठ तंतूही पुष्कळ. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी मागावर विणतात. त्यामुळे नवी घोंगडी ताठ असते आणि अंगाला टोचते. वापराने व पाण्याने खळ निघते, वीण दाटते, आणि दाटलेल्या विणीतून पाऊस व वारा सहज शिरत नाही. जेन हे अंथरूण तर याच्या पुढचे : तिथे विणकामच नाही, लोकर पसरून, ओली करून, दाबून-मळून एकजीव केलेली असते. म्हणजे स्वेटरचे जे नुकसान, तोच जेनाचा कारखाना. आटलेल्या घोंगडीबद्दल त्यामुळेच कोणी हळहळत नाही. पहिल्या धुण्यात फारच आखडली तर ओली असतानाच दोघांनी समोरासमोरचे काठ धरून बेताने ताणावी आणि स्वच्छ कातळावर सपाट पसरून कडांवर दगड ठेवावेत. एरवी घोंगडी धुण्यापेक्षा उन्हात टाकून झोडपलेली बरी.

स्वेटर, शाल, मफलर, कानटोपी यांची गोष्ट वेगळी. दुरुस्तीआधी वस्त्र खरेच लोकरीचे आहे का ते पाहावे. आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळावा. केस जळाल्याचा वास आला आणि चुरडणारी राख राहिली तर लोकर; वितळून कडक मणी झाला तर अक्रिलिक; कागद जळाल्याचा वास आला तर सूत. बाजारातले स्वस्त स्वेटर बहुधा अक्रिलिकचे असतात. घराघरांत ‘कॅशमिलॉन’ म्हणून विणली जाणारी लोकरही अक्रिलिकच. त्याचा नमदा होत नाही. उलट गरम इस्त्रीने ते लुळे पडून लांबते, आणि मग कोणताच उपाय चालत नाही.

लोकरीची खात्री पटल्यावर बादलीत ४-५ लिटर कोमट पाणी घ्यावे. हाताला जेमतेम ऊब लागेल इतकेच, सुमारे ३० अंश सेल्सिअस. त्यात केसांचा कंडिशनर दोन मोठे चमचे विरघळवावा. खवल्यांवर त्याचा बुळबुळीत थर बसतो आणि अडकलेले तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. शाम्पूने हे काम होत नाही. रिठ्याचे पाणी लोकर धुण्याला उत्तम, पण सोडवायला ते कंडिशनरइतके उपयोगी नाही. अर्धा तास भिजवून वस्त्र पिळू नये. टॉवेलात गुंडाळून दाबावे. मग सपाट जागी पसरून मध्यापासून कडेकडे, थोडे थोडे, सगळीकडून सारखे ओढत जावे. एका ठिकाणी जोर लावला तर तिथेच पोचा येतो. मापासाठी अंगाला नीट बसणारा दुसरा स्वेटर कोऱ्या कागदावर ठेवून आधी रेघ मारून घ्यावी (वर्तमानपत्र नको, शाई ओल्या लोकरीला लागते). नवारीच्या खाटेवर चादर टाकून न गंजणाऱ्या पिनांनी कडा अडकवल्या तर फार सोयीचे. वाळवणे सावलीत, आणि दोन-दोन तासांनी पुन्हा हलकी ओढ. दोरीवर टांगू नये. पाण्याच्या भाराने खांदे व बाह्या लोंबतात, छातीचे माप तेवढेच राहते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात कपडा दिवसेंदिवस वाळत नाही, तेव्हा हा उद्योग तिथे हिवाळ्यावर ढकललेला चांगला.

ओल्या फडक्यावरून इस्त्रीची वाफ देऊन, गरम असतानाच ओढून, थंड होईपर्यंत तसेच धरून ठेवणे हा दुसरा मार्ग. वाफेने लोकर किती ताणते हे इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यासले : केराटिनच्या गुंडाळलेल्या साखळ्या ताणाखाली उलगडतात. पण उलगडणारी ही साखळी एका तंतूच्या आतली असते. तंतू-तंतूंमधली गाठ वाफेने सुटत नाही. एका धुण्यात स्वेटर पूर्ववत करून देणारे नुस्खे म्हणूनच फार मनावर घेऊ नयेत. दोन-तीन वेळा केल्यावर काही सेंटिमीटर मिळाले तरी पुष्कळ.

सुती कपड्याला खवले नसतात. पाण्याने सूत फुगते, आडव्या-उभ्या धाग्यांना एकमेकांवरून जायला जास्त लांबी लागते आणि कापड आखडते. मांजरपाट, खादी यांत हे फार; म्हणून शिवायला टाकण्यापूर्वी कापड पाण्यातून काढतात. सॅनफर्ड क्लूएट यांच्या पद्धतीने गिरणीतच आधी आखडवून घेतलेल्या कापडावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा छाप असे, तो याचसाठी. आखडलेला सदरा दमट करून ओढत इस्त्री केल्यास बराच सुटतो, पण पुढच्या धुण्यात पुन्हा आखडतो. साडीचा फॉल न भिजवता लावला तर काठ चुणतो. तिथे ओढाताण न करता फॉल उसवून, धुऊन, पुन्हा लावावा. पैठणीसारख्या जरीच्या रेशमावर घरी यातले काहीही करू नये.

टाके दिसेनासे झालेला, बोटाने ओढूनही न हलणारा स्वेटर सोडवायचा नाद सोडावा. त्याचा आता नमदा झालेला असतो, आणि नमदा कात्रीने कापला तरी उसवत नाही. त्यातून लहान मुलाची कानटोपी किंवा बसायची गादी निघते.