नवाबाचं रान आणि आमचा वाल



परवा सकाळी शेतावर गेलो, तर वरच्या बांधाकडचा वालाचा पट्टा शेंड्यापासून खाल्लेला. ऐन पोपटीच्या दिवसांत! ओल्या मातीत खुरांचे मोठे ठसे. सांबरच.

शेजारचे काका म्हणाले, "अभयारण्य केलं आणि ही जनावरं वाढवली." मला हा हिशेब अर्धाच वाटतो.

फणसाड अभयारण्य झालं १९८६ साली, क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर. सांबरं मात्र त्याच्या कितीतरी आधीची. हे मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीसाठी राखलेलं रान. आजोबा सांगायचे, तिथं इतर कुणी बंदूक न्यायची नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. गंमत बघा, ज्यांना सांबर मारायचं होतं त्यांच्यामुळेच त्याचं रान टिकलं.

सांबर दिवसा दाट सावलीत बसतं आणि अंधार पडला की माळावर, शेताच्या कडेला चरायला निघतं. त्याला पाणी लागतंच. फणसाडात पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात बाकीचं पाणी आटलं की सगळी जनावरं उरलेल्या गाणींवर येतात. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजतात ते याचसाठी. पण त्या रात्री दिसली तेवढीच सांबरं रानात आहेत असं नाही, आणि एका जागी जास्त दिसली म्हणजे वाढली असंही नाही. शेतातल्या ठशांचंही तेच.

आमच्याकडे बदललं काय, तर रानाखालचा माळ. लहानपणी तिथं गुरं चरायची, रात्री सांबरं, भेकरं यायची. आता प्लॉट पडले, चिऱ्याची कंपाऊंडं उठली. भिंतीला वळसा घालून जनावर उतरतं ते सरळ आमच्या वालात.

नुकसान खरं आहे. मी पंचनाम्यासाठी अर्ज दिलाय. पण गावात कुणीकुणी कुंपणाच्या तारेत करंट सोडायचं बोलतात, ते नको. सांबराआधी आपलंच माणूस जायचं. पुढल्या वर्षी वाल घराजवळच्या खाचरात आणि वरच्या बांधाला राखण, असं ठरवलंय.

तुमच्याकडे माळ कुठवर उरलाय, आणि राखण कशी करता? जरूर लिहा.