मुंबईची फाईल आणि गल्लीतला डॉक्टर

माझ्या खालाच्या स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन सात वर्षे झाली. मागच्या रमजानमध्ये तिचा त्या बाजूचा हात सुजून लाल झाला, अंगात ताप भरला. गल्लीतल्या डॉक्टरांनी जाडजूड फाईल पाहिली आणि हात न लावताच म्हणाले, "ही मोठी केस आहे. मुंबईलाच दाखवा." काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला अशी सूज येऊ शकते आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिकने तो बहुधा आटोक्यात येतो. पण हे त्या डॉक्टरांना कुणी कळवलेच नव्हते. खालाने दोन दिवस तापात काढले आणि मग मुंबईची गाडी पकडली.

उपचार संपल्यावर पेशंट कुणाचा? हा प्रश्न जुना आहे आणि त्याला इतिहास आहे.

१९७५ साली अमेरिकेतल्या फिट्झह्यू मुलन या तरुण डॉक्टरच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. ते वाचले. १९८५ साली त्यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या अनुभवावर लेख लिहिला. कॅन्सरमधून वाचणे ही एका दिवसात घडणारी गोष्ट नसून त्याचे तीन टप्पे असतात, अशी मांडणी त्यांनी केली: उपचाराचा काळ, नंतरचा धास्तीचा काळ आणि पुढचे सारे आयुष्य. पुढच्याच वर्षी वाचलेल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत मुलन होते. २०१९ साली त्यांचे निधन झाले, म्हणजे आजारानंतर ते ४४ वर्षे जगले. एवढी वर्षे पेशंटवर नजर कोण ठेवणार?

आपल्याकडेही हा विचार झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ साली, बालपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी खास दवाखाना सुरू झाला. काही औषधांचा हृदयावर, किरणोपचाराचा वाढीवर होणारा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो, म्हणून ही मुले मोठी झाली तरी त्यांची तपासणी चालू राहावी लागते. पण परळला वर्षानुवर्षे सगळेच कसे जाणार?

मग नेहमीच्या डॉक्टरकडे ही देखरेख सोपवली तर? इव्हा ग्रनफेल्ड या संशोधक डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये ते तपासून पाहिले. १९९६ साली त्यांचा अहवाल आला. स्तनाच्या कॅन्सरमधून सावरलेल्या २९६ स्त्रियांचे दोन गट केले होते. एक गट रुग्णालयाकडे राहिला, दुसरा फॅमिली डॉक्टरकडे गेला. आजार उलटल्याची लक्षणे दिसल्यापासून रुग्णालयात निदान पक्के होईपर्यंत रुग्णालयाच्या गटात मध्यमान २१ दिवस लागले, फॅमिली डॉक्टरच्या गटात २२. रुग्णालयाच्या गटातही ज्या १६ जणींचा आजार उलटला, त्यांतल्या सात जणी आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच गेल्या होत्या. २००६ साली कॅनडात ९६८ स्त्रियांवर असाच अभ्यास झाला. आजार उलटून गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण फॅमिली डॉक्टरकडे ३.५ टक्के, तज्ज्ञांकडे ३.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. तिथे फॅमिली डॉक्टरांच्या हाती काय तपासायचे, कधी तपासायचे, याच्या लेखी सूचना दिल्या होत्या.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही हीच शिफारस केली: उपचार संपताना प्रत्येक पेशंटला झालेल्या उपचारांचा सारांश आणि पुढच्या तपासण्यांची लेखी योजना द्यावी.

आमच्या गल्लीतले डॉक्टर वाईट नाहीत. त्यांच्याकडे तो कागद नव्हता. या वेळी मुंबईत मी तो मागून घेतला. कोणते ऑपरेशन, कोणती औषधे, कोणत्या हाताला सुई टोचायची नाही, काय दिसले तर लगेच पाठवायचे, हे सगळे त्यावर आहे. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, त्याची झेरॉक्स ठेवून घेतली. आता दर महिन्याला खालाचे बीपी आणि शुगर तेच पाहतात. परवा त्यांनी पहिल्यांदा तिचा हातही तपासला.

तुमच्या घरात कुणी या आजारातून उठले असेल, तर रुग्णालयातून निघण्याआधी तो कागद नक्की मागा. आणि तो कपाटात ठेवू नका, गल्लीतल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवा.