भुयाराचा नकाशा कसा काढावा?

आमच्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत मुंबईला जाऊन आला. येताना त्याने तिथल्या भुयारी मेट्रोचा नकाशा वहीत उतरवून आणला होता. आरे ते कफ परेड ही सुमारे साडेतेहेतीस किलोमीटरची वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सत्तावीस स्थानके, आणि त्यांतले एक सोडले तर बाकीची सारी जमिनीखाली. वहीत मात्र एक सरळ आडवी रेघ आणि तिच्यावर सारख्या अंतरावर सत्तावीस ठिपके होते. त्याने विचारले, "सर, सगळी स्टेशने इतक्या सारख्या अंतरावर कशी बांधली?"

ती तशी बांधलेली नाहीत, हे सांगायला अर्धे मिनिट पुरले. पण मग नकाशा खोटा आहे का? या प्रश्नाने आमचे पुढचे तीन आठवडे घेतले.

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनला १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. पुढे तिथे एकेक कंपनी आपापला मार्ग खणत गेली आणि पन्नास-साठ वर्षांत शहराखाली मोठे जाळे तयार झाले. त्याचे नकाशे साध्या भूगोलाच्या नकाशासारखेच असत. मार्ग जसा वळतो तशी रेघ वळवायची, स्थानक जिथे असेल तिथे ठिपका द्यायचा. परिणाम असा होई, की शहराच्या मध्यभागी ठिपक्यांची आणि नावांची खिचडी, आणि उपनगरांकडे नुसताच रिकामा कागद.

हॅरी बेक हा त्या रेल्वेच्या सिग्नल विभागात काम करणारा आरेखक. नोकरी कायमची नव्हती. १९३१ मध्ये त्याने फावल्या वेळात एक वेगळाच नकाशा काढला. भुयारात बसलेल्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे हे दिसत नाही. त्याला एवढेच हवे असते, की कोणत्या गाडीत बसायचे, कुठे बदलायचे आणि किती स्थानकांनंतर उतरायचे. मग वळणे हवीत कशाला? बेकने सर्व रेघा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत तिरप्या केल्या, मधला भाग फुगवला, कडेची अंतरे आखडली. विजेच्या मंडलाची आकृती आपण फळ्यावर काढतो तेव्हा तारेची खरी लांबी दाखवतो का? नाही. कोणते टोक कशाला जोडले आहे, एवढेच दाखवतो. बेकचा नकाशा त्याच जातीचा होता.

तो पहिल्या फेरीत नाकारला गेला. फारच क्रांतिकारक वाटला असावा. त्याने चिकाटी सोडली नाही. १९३२ मध्ये पाचशे प्रती छापून लोकांची प्रतिक्रिया पाहिली गेली आणि जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावेल असा नकाशा लाखोंच्या संख्येने निघाला. लोकांनी तो उचलून धरला. आज बहुतेक भुयारी रेल्वेंचे नकाशे त्याच वळणाचे असतात. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीतले सत्तावीस ठिपके हे बेकचेच नातलग.

अर्थात नवा आराखडा नेहमी पचतोच असे नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली मासिमो व्हिन्येली यांचा असाच नकाशा आला. त्यात शहरातले मोठे सेंट्रल पार्क जवळजवळ चौकोनी दिसे. प्रत्यक्षात ते चार किलोमीटर लांब आणि जेमतेम पाऊण-एक किलोमीटर रुंद आहे. स्थानकातून वर येऊन पायी जाणाऱ्यांची फसगत होऊ लागली, तक्रारी वाढल्या आणि १९७९ मध्ये पुन्हा भूगोलाला धरून काढलेला नकाशा आला. गंमत म्हणजे २०२५ मध्ये त्या शहराने पुन्हा आकृतीवजा नकाशाच स्वीकारला. लंडनमध्ये २००९ साली नकाशातून थेम्स नदी काढून टाकली, तर इतकी ओरड झाली की ती लगेच परत आणावी लागली. भुयारातल्या प्रवाशाला नदीचा उपयोग काय? पण आपण शहराच्या कोणत्या अंगाला आहोत, हे माणसाला नदीवरूनच कळते.

इथवर आल्यावर मुलांनीच प्रस्ताव मांडला. आपल्या छत्रपती संभाजीनगरात भुयारी रेल्वे नाही, पण भुयारी जाळे आहे. त्याचा असा नकाशा काढू या.

जाळे म्हणजे अर्थातच नहर. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी इथे नवे शहर वसवायला घेतले, तेव्हा पाण्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय ते वसणार नव्हते. हा मूळचा आफ्रिकेतल्या हबशाण प्रदेशातला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता कारभारी झालेला माणूस. त्याच्या काळात उत्तरेकडच्या डोंगरउतारांखालचे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणले गेले. तीच नहर-ए-अंबरी. आपल्याकडच्या काळ्या पाषाणावर मुरमाचा आणि झिजलेल्या खडकाचा थर असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या टणक थरावर अडते. तिथून भुयार नेले की चारी बाजूंनी पाझरणारे पाणी त्यात जमते आणि उताराने चालू लागते. इराणातले कनात, बिदरचे कारेझ, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही सगळी याच कुळातली. पुढे शहर वाढले तशा थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशा आणखी नहरी झाल्या.

पहिला नकाशा मुलांनी एका दुपारी काढून टाकला. निळी रेघ, पंचेचाळीस अंशांची वळणे, मॅनहोलला छोटे ठिपके, हौदाला मोठे वर्तुळ. दिसायला फारच सुरेख. आम्ही तो भिंतीवर लावणारच होतो, एवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, गाडी हर्सूलहून येते आणि परतही जाते. पाणी परत जाईल का?"

रेघेवर बाण काढून आम्ही वेळ मारून नेली. पण शंका बाणाने मिटत नव्हती. पाणी एकाच दिशेने का जाते, ते नकाशात कुठे दिसत होते? बेकने अंतर आणि दिशा टाकली तरी त्याचा नकाशा चालतो, कारण गाडीला इंजिन असते. नहरीला उंची हेच इंजिन. आज शहराला पैठणच्या नाथसागरातून पाणी येते. तो तलाव तुडुंब भरला तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, आणि शहर साडेपाचशे मीटरच्या वर. म्हणजे प्रत्येक थेंब पंपाने वर ढकलायचा. नहरीचे पाणी आपल्या पायांनी येत असे.

ते नुसते उतरतही नसे. वाटेत खोलगट भाग आला की बंद खापरी नळातून खाली जाऊन पलीकडे पुन्हा वर चढे. वर्गात हे दाखवायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. नळी कितीही वाकवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येते. मात्र दर दहा मीटर खोलीला नळावर सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो, आणि खापराचे सांधे तो फार सोसत नाहीत. म्हणून जागोजागी उंच मनोरे. पाणी त्यांत चढते, अडकलेली हवा वरच्या उघड्या तोंडातून निघून जाते, जादा दाब मोकळा होतो आणि पाणी पुढचा टप्पा धरते. प्रत्येक मनोऱ्यातली पातळी मागच्यापेक्षा किंचित कमी. पाणचक्कीत भिंतीवरून हौदात पडणारी धार आपण पाहतो, ती याच हिशेबाचे उत्तर आहे.

मग रेल्वेला उंची नसते का? असते. १९०० मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल लंडन रेल्वेची स्थानके मुद्दाम भुयारातल्या उंचवट्यांवर ठेवली होती. येणारी गाडी चढावर आपोआप मंदावते, निघणारी उतारावर वेग घेते; ब्रेक आणि वीज दोन्ही वाचतात. बेकच्या नकाशात यातले काही नाही. प्रवाशाला त्याची गरज नाही. पण बांधणाऱ्याच्या आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर मार्गाचा उभा छेद असतोच. आमच्या मते चूक बेकची नाही, आमची होती. नहरीतून कोणी प्रवास करत नाही. तिचा नकाशा लागतो तो रस्ता खणणाऱ्याला, बोअर घेणाऱ्याला, घराचा पाया काढणाऱ्याला. त्यांना पंचेचाळीस अंशांची सुबक रेघ दिली, तर ते खरी नहर फोडून मोकळे होतील. तशी ती कित्येक ठिकाणी फुटलीच आहे. काही मॅनहोल बुजली, काहींवर बांधकामे उभी राहिली. एके ठिकाणी फुटली की पुढचा सगळा टप्पा कोरडा. लंडनचा प्रवासी दुसऱ्या मार्गाने वळसा घालून जाऊ शकतो, पाण्याला ती सोय नाही.

तेव्हा आम्ही दोन कागद केले. पहिल्यावर आजच्या रस्त्यांसह मोजून-मापून काढलेला नकाशा, जेवढा भाग प्रत्यक्ष चालून पाहता आला तेवढाच. दुसऱ्यावर उभा छेद. आडवे माप लहान आणि उभे माप मोठे घेतले, नाहीतर उतार डोळ्यांना दिसतच नाही. (मुलांना ही युक्ती पटायला वेळ लागतो. "मग हाही खोटाच नकाशा झाला," असे एकाने सुनावले. झाला खरा, पण कागदावर दोन्ही मापे लिहिली आहेत.) पाणचक्कीची धार हा आमचा खालचा बिंदू. तिथून नळी आणि पट्टी घेऊन उलट वर चालत जायचे ठरले आहे. पहिल्या दोन रविवारी चारशे मीटर झाले. तिसऱ्या रविवारी ज्या मॅनहोलपाशी पोचायचे होते, तिथे नवा सिमेंटचा रस्ता लागला. छेदातली रेघ तूर्त तिथे थांबली आहे. शेजारच्या घरातल्या आजींनी झाकण नेमके कुठे होते ते काठीने दाखवले, आणि मुलांनी तिथे खडूने एक गोल काढून ठेवला.