व्हॉल्व्ह, शिसं आणि बाबांची बुलेट

तर झालं असं, की बाबांची १९८६ची बुलेट चढावर धापा टाकायला लागली. किक मारताना कॉम्प्रेशनच जाणवेना. मग एका शनिवारी पार्किंगमध्ये पेपर पसरून हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळलेली, आणि तो ज्यावर टेकतो ती सीट खोल झिजलेली!

बाबा म्हणाले, "पूर्वी इतकी झिजत नसे रे." मी हसलो. पण शोधलं तर त्यात तथ्य निघालं.

गोष्ट १९२१ची. अमेरिकेत डेटनला, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजलीला सापडलं की पेट्रोलमध्ये किंचित टेट्राएथिल लेड घातलं की नॉकिंग थांबतं. १९२३ पासून ते पेट्रोल पंपांवर आलं. एक जोडफायदाही मिळाला. जळलेल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा आणि तापलेला व्हॉल्व्ह आपटला तरी धातूला धातू चिकटत नसे. त्यामुळे सीट मऊ असली तरी चालून जायचं. थर गेला की सीट झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो, टॅपेटची फट संपते, तो नीट मिटत नाही आणि जळतो. आमचंही बहुधा हेच झालं.

पण या थराची किंमत? १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशकं ते शिसं धुरातून लहान मुलांच्या रक्तात जात राहिलं, आणि त्याचा घाला थेट मेंदूवर. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

चेतक, येझदीवाल्यांना या सीटची फिकीर नव्हती. टू-स्ट्रोकला असे व्हॉल्व्हच नसतात!

असो. सीट मशीन शॉपमधून नवी, कडक बसवून आणली. बाकी घरीच. नवा व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासला, पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळत नाही ना ते पाहिलं, स्प्रिंग दाबून लॉक बसवले. शेवटी बाबांनी पुशरॉड बोटांनी फिरवून पाहिला. सहज फिरतोय, पण वरखाली हलत नाही. झालं!

तिसऱ्या किकला सुरू.

२००० साली मी दोन वर्षांचा होतो. याच बुलेटच्या टाकीवर बसून फिरायचो म्हणे. एक सीट झिजली, खिसा हलका झाला... स्वस्तात सुटलो की हो!