यमुनेचे पाणी आणि दिल्लीचे आराखडे

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा दरवर्षीचा आग्रह असतो. दिल्लीतला मराठी माणूस इतिहास म्हटले की पानिपताकडे वळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. यंदा मात्र मी जरा वेगळा विषय निवडला आहे. या शहराने पाण्याचे नियोजन कसे केले, कोठे ते विसरले, आणि आता हवामान बदलत असताना त्या विसरण्याची किंमत आपण कशी मोजत आहोत, हा तो विषय. पानिपत त्यात येणारच आहे, काळजी नसावी!

मी १९७९ साली केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलो. तेव्हा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आदल्या वर्षीच्या पुराच्या गोष्टी हमखास निघत. मॉडेल टाऊन, मुखर्जीनगर भागांत राहणारे सहकारी भिंतीवर पाणी कोठवर आले होते ते हात वर करून दाखवीत. पुढे आमच्यासारख्या अनेक मराठी कुटुंबांनी सहकारी सोसायट्यांमधून यमुनापार घरे घेतली. रोज दोनदा नदी ओलांडायची, पण तिच्याकडे बघायचे नाही, अशी आम्हा साऱ्यांची सवय. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा लक्षात आले की आपल्या पूर्वजांनी ही नदी आपल्यापेक्षा फार बारकाईने पाहिली होती.

बुराडी ते पटपडगंज

१० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. हिवाळ्यात यमुनेला उतार होता आणि पात्रातल्या उंच गवताच्या आडून शत्रू पार आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पण नदी दुथडी भरून वाहत होती. पैलतीरावर अब्दाली, ऐलतीरावर मराठे, आणि मध्ये यमुना! पावसाळा सरेपर्यंत दोन्ही फौजांना थांबणे भाग पडले. ऑक्टोबरमध्ये भाऊंनी उत्तरेकडे जाऊन कुंजपुरा जिंकला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदीला उतार शोधून मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तोडला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या मैदानात लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या फौजेच्या पाठीशी यमुना होती. माघार घेताना पुष्कळ शिपाई पाण्यात बुडाले. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे. ज्या भागात आज आपल्यापैकी कित्येकांचे फ्लॅट आहेत, तो हा परिसर.

या जुन्या हकिकतींतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. यमुनेचे पात्र म्हणजे केवळ उन्हाळ्यात दिसणारी पाण्याची रेघ नव्हे. गवताळ खादर, वाळूची बेटे, पावसाळ्यात भरणारे सखल रान हे सारे नदीचेच. घोडेस्वारांना हे कळत होते, कारण न कळण्याची शिक्षा लगेच मिळत असे.

सुलतानांचे पाणी

दिल्लीच्या राज्यकर्त्यांनाही हे कळत होते. अल्तमशने मेहरौलीत हौज-ए-शम्सी बांधला, अल्लाउद्दीन खिलजीने हौज खास खोदला. ज्या महंमद तुघलकाला आपण दौलताबादच्या फजितीमुळे वेडा ठरवतो, त्याने साकेतजवळच्या खिडकी गावापाशी 'सतपुला' बांधला. सात मुख्य कमानींचा हा बंधारा पावसाचे पाणी अडवी आणि दरवाजे उचलून हवे तेवढे सोडी. पुरापासून बचाव आणि शेतीला पाणी ही दोन्ही कामे एकाच बांधकामात! फिरोजशहा तुघलकाने यमुनेचा कालवा काढला, तोच पुढे शाहजहानच्या काळात दुरुस्त होऊन चांदणी चौकातून वाहू लागला.

या साऱ्या योजनांमागचा विचार साधा होता. अरवलीच्या टेकड्यांवर पडणारे पाणी उतारावरून यमुनेकडे धावते, त्याला वाटेत थांबायला जागा द्यावी. तलाव, बावड्या, जोहड या त्या थांबण्याच्या जागा. आज यांपैकी अनेक ठिकाणी आपण पर्यटक म्हणून फोटो काढतो. कित्येक जोहड तर फोटोपुरतेही उरलेले नाहीत.

कागदावरचे शहर

स्वातंत्र्यानंतर फाळणीमुळे दिल्लीची वस्ती एकदम वाढली. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण म्हणजे आपले डीडीए आणि १९५८ साली महानगरपालिका स्थापन झाली. १९६२ मध्ये पहिला मास्टर प्लॅन आला. १९६४ च्या पुरानंतर नजफगढ नाला रुंद करण्यात आला आणि तेथील विस्तीर्ण झील जवळजवळ रिकामी झाली. हा 'नाला' मुळात साहिबी नदी, पण दिल्लीत आज तिला नदी म्हणणारा माणूस शोधावा लागेल. एखाद्या प्रवाहाला नाला म्हटले की त्यात काय टाकायचे, हे लोक आपोआप ठरवतात.

१९७६ साली दिल्लीच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा तयार झाला. तेव्हाच्या मानाने ते चांगले काम होते. अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार ही व्यवस्था दिवसाला सुमारे ५० मि.मी. पाऊस वाहून नेईल अशी होती. वस्ती कित्येक पटींनी वाढली, मोकळ्या जमिनी सिमेंटखाली गेल्या, आराखडा मात्र तोच राहिला. आयआयटी दिल्लीने २०१८ मध्ये नवा आराखडा सादर केला, पण आकडेवारीतील त्रुटींचे कारण देऊन सरकारने २०२१ मध्ये तो बाजूला ठेवला. नजफगढ, बारापुला आणि यमुनापार अशा तीन खोऱ्यांचा विचार करणारा नवा आराखडा सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. म्हणजे दोन आराखड्यांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली!

दरम्यान नदीकाठासाठी नियम होते. मास्टर प्लॅनमध्ये यमुनेच्या खादरसाठी 'झोन ओ' असा स्वतंत्र विभाग राखला गेला. पण त्याच खादरमध्ये अनधिकृत वसाहती झाल्या, तशीच अधिकृत बांधकामेही झाली. मेट्रोचे डेपो झाले, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी क्रीडाग्राम झाले. या बांधकामांविरुद्ध 'यमुना जिये अभियान'चे मनोज मिश्र वर्षानुवर्षे लढले. वनसेवेतील अधिकारपद सोडलेला हा माणूस 'नदीला तिची जमीन द्या' हे एकच सूत्र सांगत राहिला. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये खादर वाचवण्यासंबंधी जो महत्त्वाचा निकाल दिला, तो त्यांच्याच अर्जावर. जून २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि पुढच्याच महिन्यात यमुनेने त्यांचे म्हणणे खरे करून दाखवले.

दोन पुरांची तुलना

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वाचकांनी पुढील आकडे कृपया सावकाश वाचावेत.

६ सप्टेंबर १९७८ रोजी, गणपतीच्याच दिवसांत, जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुनेची पातळी २०७.४९ मीटर झाली. तेव्हा वर ताजेवाला येथून सुमारे ७ लाख क्युसेक पाणी सुटले होते. १३ जुलै २०२३ रोजी त्याच पुलाजवळ पातळी २०८.६६ मीटर झाली. हा आजवरचा उच्चांक आहे. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल. आणि या वेळी हथनीकुंड येथून सुटलेले पाणी होते जास्तीत जास्त सुमारे ३.६ लाख क्युसेक!

म्हणजे पाणी निम्मे आणि पातळी मीटरभराहून अधिक वर. नदी मोठी झाली नाही, तिची जागा लहान झाली. पुलांचे खांब आणि भराव, साचलेला गाळ, दोन्ही बाजूंचे पुश्ते आणि त्यांच्या आतली बांधकामे यांनी पात्र आवळत गेले. त्यात आयटीओ बराजच्या ३२ दरवाजांपैकी ५ दरवाजे गाळात अडकून उघडेनात. बराज दिल्लीत, व्यवस्था हरियाणाकडे, आणि ऐन पुरात दोन्ही सरकारांत वाद! इंद्रप्रस्थजवळ नाला क्रमांक १२ चा रेग्युलेटर तुटला आणि नदीचे पाणी नाल्यातून उलटे शहरात शिरले. वझीराबाद, चंद्रावल, ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली, म्हणजे चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. पाणी लाल किल्ल्याच्या भिंतीपर्यंत पोहोचले. शाहजहानच्या काळी नदी तेथूनच वाहत होती. तिने काही अतिक्रमण केले नाही, ती जुन्या घरी येऊन गेली, एवढेच.

त्याच महिन्यात ग्रेटर नोएडाकडे हिंडनच्या पाण्यात शेकडो मोटारी बुडालेल्या आपण वर्तमानपत्रांतून पाहिल्या. गुडगावची मंडळी तर जुलै २०१६ ची रात्र विसरूच शकत नाहीत. बादशाहपूर नाला फुगला, हीरो होंडा चौक तुंबला आणि लोक रात्रभर गाड्यांत अडकले. २०२५ मध्ये पुन्हा ऐन गणेशोत्सवात, ४ सप्टेंबरला, यमुना २०७.४८ मीटरवर गेली. १९७८ ची पातळी, जी कधीकाळी पिढीत एकदा येणारी मानली जाई, ती दोन वर्षांच्या अंतराने एकदा ओलांडली गेली आणि एकदा जवळजवळ गाठली गेली.

बदलते हवामान, जुनी मोजपट्टी

येथे हवामान बदलाचा संबंध येतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे वर्षाच्या एकूण पावसात फार फरक न पडताही तो थोड्या तासांत कोसळतो. २८ जून २०२४ रोजी सफदरजंग येथे २४ तासांत २२८.१ मि.मी. पाऊस नोंदला गेला. दिल्लीचा संपूर्ण जून महिन्याचा सरासरी पाऊस सुमारे ७४ मि.मी. आहे. तीन महिन्यांचा जून एका दिवसात! ५० मि.मी. साठी आखलेल्या गटारांनी काय करावे?

नियोजनकार आजवर मागच्या पन्नास-शंभर वर्षांच्या नोंदी पाहून पुढचा अंदाज बांधत आले. ती मोजपट्टीच आता अपुरी पडते आहे. इतिहासाच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हे मान्य करणे जड जाते, पण मागच्या नोंदी यापुढे खालची मर्यादा सांगतील, वरची नाही.

महाराष्ट्राचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. १९८५ च्या पावसानंतर मुंबई महापालिकेने अभ्यास करवून घेतला आणि १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. ताशी ५० मि.मी. पाऊस वाहून नेता यावा, असे त्यात सुचवले होते. कामे रेंगाळली आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस पडला. त्या प्रलयाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जलतज्ज्ञ माधवराव चितळे, जे त्यापूर्वी येथे दिल्लीतच केंद्रीय जलसंपदा सचिव होते आणि ज्यांना १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला होता. पुढे मार्च २०२२ मध्ये मुंबईने २०५० पर्यंतचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. दिल्लीनेही मागे राहू नये म्हणून फार आधी, २००९ मध्येच, २००९ ते २०१२ या काळासाठी हवामान बदलाचा कार्यक्रम आखला होता. दोन्ही शहरांत कागदाची उणीव कधीच नव्हती. नाल्यातला गाळ मे महिन्यात कोण काढणार, बराजचा दरवाजा कोण तपासणार, या प्रश्नांना एका नावाचे उत्तर नव्हते.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. वझीराबादजवळ डीडीएने प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली यमुना जैवविविधता उद्यान उभे केले. तेथील पाणथळ जागा आज पुराचे पाणी सामावून घेतात आणि हिवाळ्यात पक्ष्यांनी भरून जातात. ओसाड जमीन वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा नदीची होऊ शकते, याचा हा पुरावा. सवड काढून मुलांना एकदा अवश्य दाखवावे.

आपला वाटा

आणि आपण? पूर्वी आपल्या बाप्पाचे विसर्जन यमुनेत होत असे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाचे नियम केले, २०२० मध्ये ते अधिक कडक केले, आणि आता दिल्लीत कृत्रिम तलावांत विसर्जन होते. सुरुवातीला पुष्कळांना ते रुचले नाही, मलाही हळहळ वाटली. परंतु शाडूची मूर्ती आणि तलावातले विसर्जन आता आपल्या अंगवळणी पडले आहे. नियम पटला आणि सोय केली, की लोक बदलतात, हे आपण स्वतःच सिद्ध केले आहे.

तोच उत्साह आणखी थोडा पुढे न्यावा, असे सुचवावेसे वाटते. आपल्या सोसायटीचे पावसाचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते, तो नाला कोणत्या खात्याकडे आहे, पावसाळ्यापूर्वी त्याचा गाळ निघाला का, हे प्रत्येक सोसायटीने दर एप्रिलमध्ये लेखी विचारावे. सोसायटीतला पाणी जिरवण्याचा खड्डा केवळ परवानगीपुरता न ठेवता दरवर्षी साफ करावा. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, मंत्रालयांतले अधिकारी आहेत, नगरसेवकांना ओळखणारे कार्यकर्ते आहेत. इतके मनुष्यबळ फार थोड्या मंडळांपाशी असेल.

दत्ताजी जेथे पडले, ते बुराडी आज दाट वस्तीचे आहे. पुराचे पाणी पहिल्यांदा शिरते ते अशाच गरीब, सखल वस्त्यांत, आणि पुश्त्याखालच्या झोपड्यांतली माणसे दर वेळी रस्त्यावर तंबूत येतात. आपण सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर सुरक्षित असतो. शहराचा आराखडा चांगला की वाईट, हे चौथ्या मजल्यावरून नव्हे, त्या तंबूतून ठरते.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्न टळो म्हणून प्रार्थना करतो. बुद्धीची देवताही तोच. विघ्न दिसत असताना वेळीच तयारी करण्याची बुद्धी त्याने आपल्याला आणि आपल्या नगरपालांना द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!