तारापोरवाला मत्स्यालय, लातूरची पाण्याची रेल्वे आणि गोदावरीतले मासे

नांदेड-लातूरकडून मुंबई बघायला गेलेल्या माणसाची यादी वर्षानुवर्षं ठरलेली असायची. गेटवे, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, चौपाटी आणि तारापोरवाला मत्स्यालय. शाळेची सहल असो, मंत्रालयातल्या कामाला गेलेला शेतकरी असो की टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन गेलेलं कुटुंब असो, दोन तास मोकळे मिळाले की कुणीतरी म्हणायचंच, "चला, लेकरायला मासे दाखवून आणू." चर्नी रोड स्टेशनला उतरायचं, पूल ओलांडायचा, समोर समुद्र आणि तिथंच मत्स्यालय. तिकीट परवडणारं. बाहेर येऊन भेळ खाल्ली की मुंबई बघून झाली.

ते मत्स्यालय मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत बंद झालं. मॉल उघडले, सिनेमागृहं उघडली, देवळं उघडली. तारापोरवालाचं दार मात्र लागलेलंच राहिलं. इमारत जीर्ण झाली, धोकादायक आहे, पाडून नवीन बांधायची, अशा बातम्या मधूनमधून येत राहिल्या. मुंबईकरांनी त्यावर हळहळ व्यक्त केली. आपल्याकडं कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटतं, बोलायचा हक्क आपलाही आहे. मुंबईच्या माणसाला समुद्र रोज दिसतो. समुद्रातला जिवंत मासा बघायला ज्याला तिकीट काढावं लागतं, तो आपल्यासारखा आतल्या मुलखातला माणूस.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याकडं फारसा कुणी सांगत नाही.

लोकांनी तिकीट काढून मासे बघायचे, ही कल्पना तशी जुनी नाही. पहिलं सार्वजनिक मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली उघडलं. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये रद्द झाला होता, मोठ्या काचा स्वस्त झाल्या होत्या, त्याचाही यात हात होता. आपल्या देशात 1909 मध्ये मद्रासच्या मरिना किनाऱ्यावर मत्स्यालय झालं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते बंद पडलं. मुंबईला मात्र स्वातंत्र्यापर्यंत वाट बघावी लागली.

तारापोरवाला हे पारशी आडनाव. मूळ गाव आजच्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर, जिथं पुढं अणुवीज केंद्र आलं. या घराण्यातल्या दानशूर माणसानं मत्स्यालयासाठी 2 लाख रुपये दिले. एकूण खर्च आला सुमारे 8 लाख. म्हणजे चौथा हिस्सा देणगीचा. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. प्रजासत्ताक होऊन जेमतेम वर्ष उलटलेलं, अन्नधान्याची टंचाई, फाळणीच्या जखमा ओल्या, आणि अशा वेळी देशाचे राष्ट्रपती मासे बघायच्या इमारतीचं उद्घाटन करायला येतात! आज कुणी असं केलं तर आपणच कमेंटमध्ये त्याची चामडी सोलू. पण त्या पिढीला शाळा, दवाखाना, वाचनालय आणि मत्स्यालय ही एकाच खात्यातली कामं वाटत होती.

चालवायचं काम सरकारच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडं होतं. तिथं नुसती करमणूक नव्हती, तर सागरी जीवांचं संशोधन केंद्रही होतं. जागा निवडली होती तीही विचार करून. खाऱ्या पाण्याच्या टाक्या चालवायच्या तर समुद्राचं पाणी लागतं, आणि ते रस्त्यापलीकडंच होतं.

आता आपली गंमत बघा. 1951 साली हे मत्स्यालय उघडलं तेव्हा नांदेड मुंबई राज्यात नव्हतंच. आपण हैदराबाद राज्यात. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राजवटीतून सुटून अडीच-तीन वर्षं झालेली. आपलं मोठं शहर म्हणजे हैदराबाद. बाजार, कोर्टकचेरी, कॉलेज, सगळं तिकडंच. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, आणि मगच मुंबई ही "आपली" राजधानी झाली. लातूर तर 16 ऑगस्ट 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता.

राजधानी कागदावर आपली झाली तरी रस्ता लांबचाच राहिला. नांदेडहून निजामाच्या काळातली मीटरगेज गाडी मनमाडपर्यंत जायची. तिथं ट्रंक, वळकट्या, लेकरं उतरवायची आणि मोठ्या गाडीत चढायचं. हे 1990 च्या दशकात रूळ बदलेपर्यंत चाललं. लातूरकडं तर बार्शी लाइटची छोटी गाडी, दोन फूट सहा इंच रुळांची. त्या काळात मुंबईला जाऊन मासे बघून येणं म्हणजे गावभर महिनाभर सांगायचा विषय होता. शाळेत निबंध असायचा, "मी पाहिलेली मुंबई". त्यात मत्स्यालयाचा एक परिच्छेद हमखास.

आत काय होतं? खाऱ्या पाण्यातले, गोड्या पाण्यातले आणि छोटे रंगीत शोभेचे मासे, असे वेगवेगळे विभाग. कासवं, पाकट, लहान शार्क, वामसारखा लांबलचक मोरे ईल, तारामासा. 2015 च्या नूतनीकरणानंतर 3 मार्चला ते पुन्हा उघडलं तेव्हा मुख्य आकर्षण होतं 12 फुटांच्या ॲक्रिलिक बोगद्याचं. आपण मधून चालायचं, डोक्यावरून आणि दोन्ही बाजूंनी मासे जाणार. एलईडी दिवे आले, परदेशी प्रजाती आल्या. निरुपद्रवी माशांना हात लावून बघायचा छोटा हौदही केला होता. चारशेच्या वर प्रजाती आणि दोन हजारांच्या आसपास मासे, असा आकडा त्या वेळी सांगितला गेला.

12 फूट म्हणजे तसा काय बोगदा. सिंगापूर, दुबई बघून आलेले लोक नाक मुरडायचे. पण ज्या लेकरानं विहिरीतल्या बेडकापलीकडं पाण्यातला जीव पाहिला नाही, त्याच्या डोक्यावरून पाकट पोहत जातो, तेव्हा ते 12 फूट पुरतात. आणि अवाढव्य म्हणजे चांगलं असंही नाही. बर्लिनमधल्या एका हॉटेलातली ॲक्वाडोम नावाची दहा लाख लिटरची उभी टाकी 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे फुटली. पाणी रस्त्यावर आलं आणि जवळपास सगळे दीड हजार मासे मेले.

आता लातूरकडं येऊ. कारण मत्स्यालयाचं नाव काढलं की आपल्याकडं पहिला प्रश्न हाच येतो, "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् माशाला कुठून आणायलात?"

प्रश्न बरोबर आहे. तारापोरवालाचा बोगदा उघडला मार्च 2015 मध्ये. त्यानंतर बरोबर एका वर्षानं, मार्च 2016 मध्ये, लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ 144 कलम लावावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली आणि काही महिने फेऱ्या चालल्या. ती आली तो मार्ग बघा. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर, म्हणजे बार्शी लाइटचाच जुना मार्ग. ज्या रुळांवरून लातूरचा माल बाहेर जायचा, त्याच वाटेनं प्यायचं पाणी आत आलं. आणि त्याच वर्षी जिल्ह्यात ऊस उभा होता, हेही विसरू नका. पाणी कमी होतं हे खरंच, पण कुणाच्या वाट्याला किती गेलं हा हिशोब कुणी मांडला नाही.

तो हिशोब मत्स्यालयाचा मांडून बघू. तीन मीटर लांब, दीड मीटर उंच, एक मीटर रुंद अशी एक टाकी धरा. तिच्यात 4,500 लिटर पाणी बसतं. अशा दहा टाक्या म्हणजे 45 हजार लिटर. जलदूत रेल्वेचा एक डबा यापेक्षा जास्त पाणी आणायचा. आणि हे पाणी रोज लागत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. गाळणीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक असतं. त्यामुळं तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवता येतं. उडून जाईल तेवढं भरायचं आणि थोडं थोडं बदलायचं. बदललेलं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. खरी अडचण विजेची आहे. पंप आणि हवा काही तास बंद पडली तर मासे तडफडून मरतात. म्हणजे पाण्यापेक्षा जनरेटर आणि तो वेळेवर चालू करणारा माणूस महत्त्वाचा. सरकारी इमारतीत हा माणूस सापडणं ही दुष्काळाहून मोठी अडचण आहे, ते सोडा.

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय मराठवाड्यात काढा असं मी म्हणत नाही. तो उद्योग किनाऱ्यावरच शोभतो. माझं म्हणणं गोड्या पाण्याबद्दल आहे. नांदेडला गोदावरी आहे, शहराजवळ विष्णुपुरीचा जलाशय आहे. इथं पिढ्यान् पिढ्या भोई समाज मासेमारी करतो. आणि तरीही आपल्या नदीत कोणते मासे आहेत, हे नांदेडच्या पोरांना ठाऊक नाही. त्यांना क्लाउनफिश माहीत आहे, कारण त्याचा सिनेमा आहे. मरळ, वाम, शिंगाडा त्यांनी पाहिले ते बाजारात, बर्फावर.

गंमत म्हणजे आपल्या दख्खनच्या माशांची नोंद झाली ती एका इंग्रज फौजी अधिकाऱ्याकडून. विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करताना त्यानं भीमा, मुळा-मुठेच्या काठी मासेही गोळा केले आणि 1839 साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढं मांडले. त्यानं एक चांगलं केलं. मराठी मुलखात ऐकलेली नावंच पुष्कळ माशांच्या शास्त्रीय नावात घातली. खुद्री, कोलुस, फुलुंगी, ताकरी. हे मासे फक्त भीमेतले नाहीत, गोदावरीच्या खोऱ्यातही त्यांची नोंद आहे. जगभरच्या संशोधकांना आपल्याकडची ही नावं लिहावी लागतात, आणि आपल्याला ती कुणी शिकवली नाहीत.

त्यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970 च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज प्रकल्पाच्या तलावाकाठी या महाशीरची कृत्रिम पैदास करून दाखवली. मासा वाचवणारा माणूस ज्या खात्यानं दिला, त्याच खात्याचं हे मत्स्यालय.

उलट आज नदीत काय वाढतंय? तिलापिया. परदेशातून आलेला, कुठल्याही पाण्यात तगणारा, भराभर पिल्लं घालणारा. थाई मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मांगूर तर केंद्रानं 2000 साली बंदी घातलेला, तरी अधूनमधून पकडला जातोच. नांदेडच्या पात्रात मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्याही येतात, सांडपाण्यावर दोन दिवस चर्चा होते. मेले ते कोणते मासे, हे कोणत्याच बातमीत नसतं. "हजारो मासे मृत" एवढंच. बैल मेला तर आपण खिल्लार होता की देवणी, हे सांगतो. देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच मातीतल्या जाती, त्यांची प्रदर्शनं भरतात, बक्षिसं लागतात. नदीतल्या जातींना ते नशीब नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा घोषित केलं. चांगलंच आहे, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची ती मागणी होती. पण महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि त्यात किनारा किती आणि गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी, वैनगंगेची खोरी किती, ते बघा.

म्हणून मुंबईत नवीन मत्स्यालय बांधायचा आराखडा जेव्हा केव्हा पक्का होईल, तेव्हा आपल्या आमदार-खासदारांनी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, त्यात राज्यातल्या नद्यांचं दालन आहे का? गोदावरीची टाकी, भीमेची टाकी, वैनगंगेची टाकी, आणि प्रत्येकीवर माशाचं गावाकडचं नाव, साइक्सनं लिहिलं तसं. दोन, तिकीट किती? इमारत खासगी भागीदारीतून उभी राहिली आणि तिकीट हजार रुपये झालं, तर जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल बाहेरूनच समुद्र बघून परत येईल.

आणि तिसरी गोष्ट नांदेडसाठी. महापालिका, विद्यापीठ आणि मत्स्यव्यवसाय खातं यांनी मिळून दहा टाक्यांचं गोदावरीचं मत्स्यालय करायला काय हरकत आहे? मासे ओळखायला आणि सांभाळायला भोई समाजातलीच चार पोरं नेमावीत, त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही. हुजूर साहिबला देशभरातून, परदेशातूनही लोक येतात, दर्शन झालं की बहुतेक जण परतीच्या गाडीची वेळ बघत बसतात. पाणी लागेल 45 हजार लिटर, एकदा भरायला. कुणाकडं याहून चांगला हिशोब असेल तर खाली लिहा, विशेषतः वीजबिलाचा.